वेग वाढला, पण कुणाच्या तुलनेत?

आज एका छोट्या शोधनिबंधाबद्दल बोलायचं आहे. फ्रँक मॅकशेरी, मायकेल इसार्ड आणि डेरेक मरे यांनी तो 2015 साली हॉटओएस परिषदेत मांडला. नाव आहे, ‘स्केलेबिलिटी! बट अ‍ॅट व्हॉट कॉस्ट?’ वितरित संगणनावरचे निबंध वाचणाऱ्यांना त्यातला एक आलेख पाठ असतो: कोअर वाढवत जा, वेग वाढत जातो. रेघ सरळ वर गेली की प्रणाली चांगली ठरते. या तिघांनी विचारलं, वेग वाढला तो कुणाच्या तुलनेत?

त्यांनी ट्विटरच्या जाळ्याचा, सुमारे दीडशे कोटी दुव्यांचा, प्रसिद्ध डेटा घेतला. त्यावर पेजरँकच्या 20 फेऱ्यांसाठी आधी प्रसिद्ध झालेले आकडे असे: 128 कोअरवर स्पार्कला 857 सेकंद, जिराफला 596, ग्राफएक्सला 419, ग्राफलॅबला 249. मग त्यांनी स्वतः साधा एकधागी प्रोग्राम लिहिला आणि लॅपटॉपवर चालवला. 300 सेकंद! दुव्यांचा क्रम बदलून आणि डेटा मेमरीत ठेवून चालवल्यावर 110. म्हणजे 128 कोअरच्या चारही प्रणाली मागे पडल्या.

मग तो सरळ वर जाणारा आलेख खोटा होता का? नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. असं बघा, स्वयंपाकघरात तवा एकच आहे. एक पोळी लाटायला दहा मिनिटं लावणारी माणसं असतील, तर हात दुप्पट केले की पोळ्याही दुप्पट होतात, कारण तवा रिकामाच असतो. पण लाटणारी सुगरण असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा फारसा उपयोग नाही, तवाच अडतो. संगणकात तो तवा म्हणजे यंत्रांमधली देवाणघेवाण. प्रत्येक कोअर संथ असेल तर आलेख उलट जास्त देखणा दिसतो. आळसालाच आपण गुण देत बसतो.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जाळ्यातले जोडलेले भाग शोधायला ग्राफलॅबला 128 कोअरवर 242 सेकंद लागले होते. युनियन-फाइंड ही जुनी, पाठ्यपुस्तकातली रीत वापरून एका धाग्यावर 15 सेकंदांत काम झालं. पण ‘प्रत्येक बिंदूच्या जागी बसून विचार करा’ अशी सक्ती करणाऱ्या प्रणालींत ती रीत लिहिताच येत नाही. इथे चौकटीनेच चांगला अल्गोरिदम हिरावून घेतला.

आता निबंधाच्या मर्यादा. डेटा एका लॅपटॉपला पेलणारा होता. प्रत्येक डेटा तसा नसतो. मध्येच यंत्र बंद पडलं तर काम कसं वाचवायचं, हा प्रश्न लॅपटॉपवर उद्भवतच नाही, आणि त्या सोयीची किंमत वितरित प्रणाली मोजत असतात. शिवाय प्रोग्राम लिहिणारे मुरलेले होते. म्हणून ‘क्लस्टर नकोच’ असा निष्कर्ष काढणं चूक. तसं लेखकही म्हणत नाहीत. ते फक्त एक माप सुचवतात: उत्तम लिहिलेल्या एका धाग्याला हरवायला तुमच्या प्रणालीला किती कोअर लागतात?

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन. प्रबंधात वेगाचा आलेख काढण्याआधी एकधागी प्रोग्राम मन लावून लिहा. तो जिंकला तर लाजू नका, तसंच छापा. क्लस्टरची वीज आणि पैसा कुणीतरी भरत असतं. त्याला हा आकडा कळायलाच हवा.