चार शास्त्रे, दोन तबकड्या

परमहंस योगानंदांच्या 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्रात एक लांबलचक तळटीप आहे. 'शास्त्र' म्हणजे काय हे परक्या वाचकाला कळावे म्हणून दिलेली. शास्त्रांचे चार वर्ग: श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र, धर्म, समाजव्यवहार, वैद्यक, वास्तुकला, कला हे सारे त्यांच्या कक्षेत येते, असा तिचा आशय. मराठी वाचक या तळटिपेवर बहुधा थांबणार नाही. यांतले पहिले तीन शब्द त्याने लहानपणापासून पूजेच्या संकल्पात 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' असे एका दमात ऐकलेले असतात, आणि चौथा त्या संकल्पात नसतोच.

जॉन अँडरसन मात्र थांबला. 'येस' या इंग्लिश रॉक बँडचा हा गायक. १९७३ च्या मार्चमध्ये बँड जपानच्या दौऱ्यावर होता. टोकियोतल्या हॉटेलात संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी मिळालेल्या थोड्या वेळात तो हे पुस्तक चाळत होता आणि ८३ व्या पानावरच्या त्या तळटिपेत गुंतून पडला. योगानंदांची ओळख त्याला करून दिली होती किंग क्रिमसनचा तालवादक जेमी म्युअर याने, तीही बिल ब्रूफर्डच्या लग्नात. (रॉकच्या इतिहासात लग्नसमारंभांचा वाटा कोणीतरी एकदा तपासायला हवा.) पुढे अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी दौऱ्यातल्या हॉटेलांच्या खोल्यांत, मेणबत्त्या लावून, रचनेचा आराखडा तयार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा दुहेरी एलपी बाहेर आला: दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना, एकूण सुमारे ८१ मिनिटे.

या आल्बमने येसचे चाहते जे दुभंगले, ते आजतागायत. मी स्वतः या बँडचा चाहता आहे, हे आधीच सांगतो. पण या लेखात मला आल्बमची वकिली करायची नाही. चाहत्यांची नाराजी नेमकी कशावर होती, हे शोधायचे आहे. ती ज्या कारणांवर ढकलली जाते ती कारणे मला अपुरी वाटतात.

प्रथम परिस्थिती पाहू. आल्बमची ब्रिटनमधली आगाऊ मागणीच एवढी होती की तेवढ्यावर त्याला 'गोल्ड' दर्जा मिळाला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. म्हणजे हजारो लोकांनी तो न ऐकताच विकत घेतला. दौरा तर आल्बम दुकानांत येण्यापूर्वीच, नोव्हेंबरात सुरू झाला होता. कार्यक्रमात आधी १९७२ च्या 'क्लोज टू द एज' मधल्या रचना, मग नव्या आल्बमच्या चारही बाजू ओळीने. ज्या प्रेक्षकांनी एक सूरही ऐकलेला नाही त्यांच्यासमोर ऐंशी मिनिटांचे अनोळखी संगीत. बँडला प्रारंभापासून उचलून धरणारा 'मेलडी मेकर'चा ख्रिस वेल्चसुद्धा निराश झाला. पसरट, भरताड, दिखाऊ अशी विशेषणे तेव्हापासून या आल्बमला चिकटली. १९७६ नंतर पंकची लाट आली तेव्हा 'जुन्या रॉकचे काय बिघडले होते' या प्रश्नाला उत्तर म्हणून हेच नाव पुढे केले जाऊ लागले. दुसऱ्या टोकाला हाच आल्बम बँडचे शिखर मानणारे चाहतेही तेव्हापासून आहेत, आणि त्यांची संख्या नगण्य नाही.

नाराजीची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक, उसनी अध्यात्मिकता. दोन, लांबी.

पहिल्या कारणाला आपण भारतीय चटकन मान डोलावतो. तळटिपेवरून शास्त्रे! पण चार रचनांची नावे शेजारी ठेवून पाहिली तर एक गंमत दिसते. श्रुतीसाठी 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड', स्मृतीसाठी 'द रिमेंबरिंग', पुराणासाठी 'द एन्शन्ट', तंत्रासाठी 'रिच्युअल'. प्रकट झालेले, आठवलेले, प्राचीन, विधी. हे चार शब्दांचे जवळजवळ शब्दशः भाषांतर आहे. अँडरसनने वेद वाचले नाहीत, पुराणे वाचली नाहीत; त्याने चार शब्द घेतले आणि त्यांच्या अर्थांवर चार बाजू उभ्या केल्या. वेष्टनावर दुसऱ्या भागाच्या नावात 'स्मृती'चे 'सुरिती' झाले आहे, यावरून त्याच्या अभ्यासाची खोली कळते. तिसऱ्या बाजूत सूर्यासाठी नाना भाषांतले शब्द पुकारले जातात, त्यांत हिंदीतला 'धूप'ही येतो, म्हणजे ऊन. हसू येते, पण मला राग येत नाही. शब्दावरून कल्पना सुचणे हा कलावंताचा जुना हक्क आहे.

माझी हरकत निराळी आहे. या चार वर्गांच्या क्रमामागे तंत्रपरंपरेतला युगविचार आहे: सत्ययुगाला श्रुती, त्रेतायुगाला स्मृती, द्वापराला पुराणे आणि कलियुगातल्या दुबळ्या माणसाला तंत्र. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश सर जॉन वुडरॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंत्रग्रंथांची जी भाषांतरे आणि विवेचने इंग्रजीत आणली, त्यांत हा विचार स्पष्ट मांडलेला आहे. म्हणजे ही चौकट उतरणीची आहे. माणसाची ताकद जशी कमी होत जाते, तसे शास्त्र त्याच्या आवाक्यात येत जाते. हे अँडरसनच्या कानावर गेले असते, तर चार बाजूंचे वजन वेगवेगळे ठेवण्याला त्याला आधार मिळाला असता. त्याला मिळाले फक्त 'चार', आणि एलपीच्या दोन तबकड्यांनाही बाजू चारच. चारावर चार बसले आणि तिथेच आल्बमचे भवितव्य ठरले.

आता लांबी. 'क्लोज टू द एज' ही शीर्षकरचनाही अठरा मिनिटांच्या वर आहे, तिनेही एलपीची एक पूर्ण बाजू व्यापली आहे, आणि याच चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली होती. मग लांबीचा दोष कसा? तिथे ऐकणारा हरवत नाही. पक्ष्यांचा आवाज, मग अंगावर येणारा वाद्यांचा कल्लोळ, त्यातून वर येणारी एक धून. ती पुन्हा पुन्हा वेश बदलून भेटते. मध्ये सगळे संथ होते, चर्चचा ऑर्गन घुमतो, आणि पुन्हा तीच धून. आपल्या विलंबित ख्यालात मुखडा घेऊन गायक समेवर येतो तेव्हा सभागृहातल्या माना एकदम हलतात, तसे काहीसे इथे घडते. श्रोत्याला कुठे पोहोचायचे आहे ते ठाऊक असते, आणि उशीर झाला तर त्या उशिराचीच मजा वाटते. पुण्यात 'सवाई गंधर्व'ला तासभर चाललेला एक राग लोक जागेवरून न हलता ऐकतात. तेच लोक दुसऱ्या एखाद्या गायकाच्या वेळी अर्ध्या तासात बटाटेवड्याच्या स्टॉलकडे निघतात. घड्याळ दोघांचेही सारखेच चालते.

'टेल्स'ची पहिली बाजू या कसोटीला उतरते, असे माझे मत आहे. सुरुवातीला अँडरसन जवळपास एकाच पट्टीत शब्दांमागून शब्द म्हणत जातो, वाद्ये हळूहळू त्याच्याखाली भरत जातात. पाठ म्हणणाऱ्या बटूंचा घोष ज्याने ऐकला आहे त्याला ही चाल परकी वाटू नये. धून येते, जाते, परतते. चौथी बाजू, 'रिच्युअल', तर सर्वांत सोपी. ख्रिस स्क्वायरचे बास गिटार तिच्यात खऱ्या अर्थाने गाते. पुढे ॲलन व्हाइटच्या ड्रम्सभोवती बाकीचेही तालवाद्ये बडवू लागतात. अँडरसनच्या टिपणानुसार हा सत् आणि असत् यांचा झगडा. त्यानंतर येणारे हळुवार गीत त्या गोंगाटामुळेच गोड लागते. कलियुगाला सोपे शास्त्र, हे अजाणता साधलेच म्हणायचे.

पेच आहे तो मधल्या दोन बाजूंचा. तिसरी बाजू हाउच्या गिटारची आहे: कर्कश, तुटक, मुद्दाम ओबडधोबड. तेरा-चौदा मिनिटे ती श्रोत्याला जवळ येऊ देत नाही, आणि शेवटी अकूस्टिक गिटारवर एक साधे गाणे सुरू होते. या गाण्यापर्यंत टिकलेले श्रोते या बाजूचे कायमचे भक्त होतात. न टिकलेल्यांना मी नावे ठेवणार नाही.

दुसरी बाजू ही खरी पडती बाजू, आणि तिच्याविषयी मला जास्त सांगायचे आहे. 'द रिमेंबरिंग', स्मृती. रिक वेकमनच्या मेलोट्रॉनच्या आणि सिंथेसायझरच्या लाटा येतात, ओसरतात, मधूनच लोकगीताच्या वळणाचा तुकडा येतो, पुन्हा लाटा. संगीत आठवणीसारखे वागते: अंधूक, पुन्हा तेच, किंचित वेगळे. कल्पना सुंदर आहे. पण आठवायला आधी काही घडलेले असावे लागते. ज्याच्या मनात या आल्बमची काहीच आठवण नाही त्याला ही बाजू वीस मिनिटांचे धुके वाटणार. आणि बँडने ती नेमकी अशाच लोकांपुढे वाजवली, आल्बम निघायच्या आधी, रात्रीमागून रात्र. पुढे १९७४ मध्ये दौरा चालू असतानाच कार्यक्रमातून जी बाजू गाळली गेली ती हीच. आज विसाव्या वेळी ऐकणारा चाहता जेव्हा म्हणतो, 'दुसरी बाजू हळूहळू सर्वांत आवडती झाली', तेव्हा तो खोटे बोलत नसतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये कंटाळून चुळबुळणारा प्रेक्षकही खोटा नव्हता. एकाजवळ स्मृती होती, दुसऱ्याजवळ नव्हती.

बँडच्या आतही चाहत्यांसारखीच फूट पडली होती. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना खेड्याचा आभास यावा म्हणून गवताच्या पेंढ्या, लाकडी कुंपण आणि पुठ्ठ्याच्या गाई मांडल्या होत्या. वेकमनचे मन तिथे रमले नाही. तो शेजारच्या स्टुडिओत ब्लॅक सॅबथच्या एका गाण्यात वाजवून आला. मँचेस्टरच्या कार्यक्रमातला किस्सा तो आजही सांगतो: कार्यक्रमानंतर काय खाणार, असे त्याच्या मदतनीसाने विचारले, वेकमनने भारतीय करी सांगितली, आणि त्या भल्या माणसाने ती कार्यक्रम चालू असतानाच आणून दिली. शास्त्रांवरची रचना मंचावर चालू आणि कीबोर्डवर करीचा घमघमाट! १९७४ च्या मे महिन्यात त्याने बँड सोडला. त्याचे मत त्याने अनेकदा सांगितले आहे: एका एलपीला जास्त आणि दोघांना कमी एवढे संगीत आपल्याकडे होते, म्हणून पाणी घालून ते वाढवले गेले.

मला हे निदान अर्धे पटते. अर्धे अशासाठी, की पात्राचा आकार प्रत्येकालाच सांभाळावा लागतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवला. किशोरीताई आमोणकरांचा 'भूप' आपण एलपीच्या एका बाजूत ओळखतो. दुसऱ्या बाजूला बागेश्री. मैफलीत तासाच्या घरात जाणारा विस्तार तिथे विसाएक मिनिटांत आटून आला, आणि आटताना दाट झाला. येसला तीच वीस मिनिटे मिळाली, पण त्यांचा प्रवास उलट्या दिशेने होता: आहे ते चारही बाजूंना पुरवायचे. प्रत्येक शास्त्राला एक पूर्ण बाजू दिलीच पाहिजे, ही सक्ती ना योगानंदांनी केली होती, ना कंपनीने. सममितीचा मोह होता तो.

पुढे ऐकण्याची साधने बदलली तसे आल्बमविषयीचे मतही हलत गेले, असे मला वाटते. मी तो प्रथम ऐकला एका मित्राने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. तिथे चाराच्या दोन बाजू झाल्या होत्या. श्रुती संपली की उसंत न मिळता स्मृती सुरू. एलपीवर दर वीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागते, त्या उठण्यात श्रोत्याला 'आज एवढेच पुरे' म्हणायची सोय होती. मला वाटते, हा आल्बम सलग ऐकण्याचा नव्हेच, बाजूबाजूने ऐकण्याचा आहे. २०१६ मध्ये बँडने दौऱ्यावर पहिली आणि चौथी बाजू पूर्ण वाजवली आणि तिसऱ्या बाजूच्या शेवटचे ते गाणे त्यात घातले. चाहते वर्षानुवर्षे खासगीत जी काटछाट करत आले होते, जवळपास तीच. दुसऱ्या बाजूला पुन्हा जागा मिळाली नाही.

आणखी एक तपशील राहिला. २००३ साली आल्बमची सुधारित सीडी निघाली, तेव्हा पहिल्या बाजूच्या आरंभी सुमारे दोन मिनिटांचा एक भाग नव्याने ऐकू आला. मूळ एलपीत तो नव्हता, १९७३ सालीच काढून टाकला होता. पाण्याच्या झुळझुळीसारखे संथ, अस्पष्ट सूर, त्यांतून हळूहळू वर येणारा तो घोष. भरताड म्हणून ज्याची पन्नास वर्षे चेष्टा झाली त्या आल्बमातून हा भाग कापला गेला होता. पुष्कळ चाहते तो गाळून थेट घोषापासून ऐकतात. मी तो ऐकतो. त्या दोन मिनिटांनंतर आलेला अँडरसनचा आवाज मला जास्त जवळचा वाटतो.