दोन हातांची मालिका: 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'

'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' ही मालिका डिझ्ने प्लसवर 4 मार्च 2025 रोजी सुरू झाली आणि नऊ भागांनंतर 15 एप्रिलला तिचे पहिले पर्व संपले. भारतात ती जिओहॉटस्टारवर दिसली. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर 2018 मध्ये बंद केलेल्या 'डेअरडेव्हिल'चा हा पुढचा अवतार. चार्ली कॉक्स (अंध वकील मॅट मर्डॉक, म्हणजेच डेअरडेव्हिल) आणि व्हिन्सेंट डोनोफ्रिओ (गुंडांचा म्होरक्या विल्सन फिस्क) हे दोघे त्याच भूमिकांत परतले. समीक्षकांचा एकूण सूर अनुकूल होता, पण या परीक्षणांत मालिकेच्या बरोबरीने तिच्या निर्मितीची हकिकतही हटकून येते.

जुन्या मालिकेची तीन पर्वे 2015 ते 2018 या काळात आली. पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात मर्डॉक एका अपहृत मुलाला सोडवण्यासाठी अरुंद बोळात एकटा गुंडांशी भिडतो. कट न दाखवता चालणाऱ्या त्या मारामारीत नायक धापा टाकतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. सुपरहीरो दमतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती. त्या पर्वाच्या वाट्याला एक रास्त तक्रारही आली होती: नायक अंध, पण अंध प्रेक्षकांसाठी श्राव्य वर्णनाची सोय नाही. मालिका सुरू झाल्यावर काही दिवसांतच नेटफ्लिक्सने ती सोय केली. दुसऱ्या पर्वातल्या निन्जांच्या कथानकाने अनेकांना कंटाळा आणला, तर तिसऱ्या पर्वाने गमावलेली पत परत मिळवली. नव्या मालिकेला जुन्या मालिकेच्या मापाने तोलणारे तिचे दुसरे पर्व सोयीस्करपणे विसरतात.

पुनरागमनाची घोषणा जुलै 2022 मध्ये झाली, तीही तब्बल 18 भागांची. 2023 च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि लेखकांच्या संपामुळे थांबले. तोवरचे काम पाहून निर्मात्या मार्व्हलने प्रमुख लेखक मॅट कॉरमन आणि ख्रिस ऑर्ड यांना बाजूला केले. 'द पनिशर' मालिकेवर काम केलेले डारिओ स्कार्डापेन सूत्रधार झाले, तर दिग्दर्शनाची मुख्य धुरा जस्टिन बेन्सन आणि आरॉन मूरहेड यांच्याकडे आली. त्यांनी पहिला आणि शेवटचे दोन भाग नव्याने केले. मधल्या भागांत आधीचे बरेचसे चित्रीकरण डागडुजी करून वापरले. मूळ आराखड्यात मर्डॉकचे सोबती फॉगी नेल्सन आणि कॅरेन पेज नव्हते. नव्या चमूने त्यांना परत आणले आणि पहिल्याच भागात, त्यांच्या नेहमीच्या जोसीच्या बारबाहेर, फॉगीला बुल्सआय या मारेकऱ्याच्या गोळीने मारलेही.

या मृत्यूवर टीका झाली ती योग्यच. जुन्या मालिकेचा जीव मर्डॉक, फॉगी आणि कॅरेन या तिघांच्या मैत्रीत होता. ती पहिल्या पंधरा मिनिटांत निकालात निघते, कॅरेन दुसऱ्या शहरात निघून जाते, आणि पुढचे अनेक भाग मर्डॉकच्या दुःखाला आधार म्हणून ज्यांच्यावर विसंबतात त्या नव्या पात्रांची प्रेक्षकांशी धड ओळखही झालेली नसते. फॉगीच्या मृत्यूच्या वेळच्या सलग हाणामारीत डेअरडेव्हिलच्या उड्या संगणकी असल्याचे लपत नाही, हाही आक्षेप बहुतेकांनी नोंदवला. ज्या मालिकेची ख्यातीच घामाची, तिला हे परवडणारे नव्हते.

समीक्षेत लवकरच एक ठोकताळा रूढ झाला: दोन्ही टोके दमदार, मधला भाग विस्कळीत. तो अर्धाच खरा आहे. मधल्या भागांतली सर्वांत सरस गोष्ट म्हणजे हेक्टर आयाला, अर्थात मुखवटाधारी व्हाइट टायगर, याचा खटला. पोलिसाच्या मृत्यूचा आरोप, साक्षीदार फोडण्याचे प्रयत्न, आणि अशिलाचे गुपित भर न्यायालयात उघड करण्याचा मर्डॉकचा जुगार यांत ही मालिका वकिलाची आहे हे प्रथमच जाणवते. आयाला साकारणारे कमार दे लोस रेयेस डिसेंबर 2023 मध्ये वारले, चित्रीकरण पुन्हा सुरू होण्याआधी. म्हणजे त्यांचे काम हटवलेल्या चमूच्या काळातले. फिस्क आणि त्याची पत्नी व्हेनेसा यांची समुपदेशकापुढची खडखडीत संभाषणेही मधल्याच भागांत येतात. उलट म्यूझ हा रक्ताने चित्रे काढणारा खुनी वाया गेला. त्याचा माग काढायला वेळच दिलेला नाही, आणि सहाव्या भागात मर्डॉक त्याच्याशी झुंजत असताना फिस्क तळघरातल्या कैद्याला झोडपतो, ही समांतर मांडणी परिणामकारक असली तरी त्या खुन्याच्या कथेला वजन देत नाही.

पाचव्या भागावर मतभेद सर्वाधिक. कर्ज मागायला गेलेला मर्डॉक बँकेवरच्या दरोड्यात अडकतो. तिथला अधिकारी युसुफ खान म्हणजे 'मिस मार्व्हल' या मालिकेतल्या नायिकेचे वडील. ही भूमिका करणारे मोहन कपूर नव्वदच्या दशकातल्या झी टीव्हीच्या 'साप सीढी'मुळे इथल्या प्रेक्षकांच्या ओळखीचे आहेत. कोणी या भागाला भरताड म्हटले, तर कोणाला तो हलकाफुलका विसावा वाटला. मुख्य कथानक इंचभरही हलत नाही हे खरे. पण वेश न चढवता, कान आणि अक्कल वापरून मर्डॉक काय करू शकतो हे इतक्या नीट दुसरीकडे दिसत नाही.

डोनोफ्रिओबद्दल दुमत नव्हते. पहिल्या भागात फिस्क आणि मर्डॉक एका डायनरमध्ये समोरासमोर बसतात आणि सभ्यतेची भाषा न सोडता एकमेकांना धमकावतात. अनेक परीक्षणांना हाच प्रसंग सर्वांत ताणलेला वाटला. पुढे फिस्क न्यूयॉर्कचा महापौर होतो. गुन्हेगारी भूतकाळ असलेला माणूस मतपेटीतून सत्तेवर येणे, मुखवटाधाऱ्यांविरुद्ध त्याने खास पोलीस पथक उभारणे, या सगळ्यात अमेरिकी समीक्षकांना ताजे राजकारण दिसले नसते तरच नवल. महापौर फिस्कची कल्पना मात्र चार्ल्स सोल यांच्या 2017 मधल्या कॉमिक्समधली आहे. मालिकेचे नाव ज्यावरून घेतले ते फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचे 1986 चे कथानक इथे जवळजवळ नाहीच. त्यातला बराच ऐवज जुन्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाने आधीच वापरला होता.

शेवटच्या भागात फिस्क पोलीस आयुक्ताचे डोके उघड्या हातांनी चिरडतो. मार्व्हलच्या पडद्यावर इतकी क्रूरता विरळा, म्हणून काहींनी तिचे स्वागत केले, काहींना ती निव्वळ धक्क्यासाठी वाटली. त्याहून सबळ तक्रार अशी की शहरात आणीबाणीसदृश स्थिती लादली गेली असताना, मर्डॉक जोसीच्या बारमध्ये माणसे जमवू लागतो तिथेच पर्व थांबते; नऊ भाग प्रस्तावनेतच खर्ची पडल्यासारखे होतात. दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण तोवर सुरूही झाले होते, आणि ते पहिल्या पानापासून स्कार्डापेन यांच्या हाती होते.