अर्थशास्त्र पदव्युत्तर प्रवेश परीक्षा व अभ्यासग्रंथांची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पदवी परीक्षेत अर्थशास्त्रात प्रथम श्रेणी मिळविणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मागे पडला, तर त्याचे कारण बहुधा त्याच्या इंग्रजीत शोधले जाते. त्याने कोणती पुस्तके वाचली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या पुस्तकनिवडीची चिकित्सा केली आहे.

परीक्षेचे स्वरूप :
'जॅम' परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका समाविष्ट झाली. सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था आणि गणित असे तिचे पाच घटक आहेत. एकूण ६० प्रश्नांपैकी २० प्रश्नांना पर्यायच नसतात. उत्तर अंकातच काढावे लागते. भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या परीक्षेत तर गणिताची प्रश्नपत्रिका स्वतंत्र असते. या परीक्षा व्याख्या विचारीत नाहीत, व्याख्येचा उपयोग करावयास लावतात.

एक उदाहरण पुरेसे आहे. उपभोक्त्याचे उत्पन्न १०० रुपये, दोन वस्तूंच्या किमती अनुक्रमे २ व ५ रुपये आणि उपयोगिता दोन्ही नगसंख्यांच्या गुणाकाराइतकी असल्यास तो २५ व १० नग घेईल. मात्र उपयोगिता दोन्ही नगसंख्यांच्या बेरजेइतकी असल्यास तो केवळ पहिल्या वस्तूचे ५० नग घेईल. समवृत्ती वक्राचा अंदाजपत्रक रेषेला होणारा स्पर्श ही समतोलाची अट ज्याने केवळ पाठ केली, तो दुसऱ्या ठिकाणी हमखास चुकतो.

ग्रंथांची चिकित्सा :
या दृष्टीने प्रचलित ग्रंथांकडे पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात. हॅल व्हेरियन यांचा सूक्ष्म अर्थशास्त्रावरील १९८७ मधील ग्रंथ जवळपास प्रत्येक यादीत असतो. त्याचे विवेचन सुबोध आहे. परंतु मूळ आवृत्तीत कलनशास्त्र प्रकरणांच्या परिशिष्टांत आहे. परिशिष्टे गाळून वाचणाऱ्यास आशय कळतो, उदाहरण सुटत नाही. कलनासह लिहिलेली स्वतंत्र आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. यादीत ग्रंथाबरोबर आवृत्तीचाही उल्लेख व्हावयास हवा. गणितासाठी अल्फा चियांग यांचा १९६७ चा ग्रंथ आर्थिक प्रतिमानांच्या आधारे गणित शिकवितो, म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यास तो जवळचा वाटतो. सिडसेटर व हॅमंड यांच्या ग्रंथात गणिताची मांडणी अधिक काटेकोर असून स्वाध्यायही विपुल आहेत. दोहोंपैकी एकच निवडावा व तो हातात पेन घेऊन पूर्ण करावा. बाजारातील प्रश्नसंच उत्तरे देतात. उत्तरामागील युक्तिवाद मात्र अनेकदा देत नाहीत. ते उजळणीस उपयुक्त ठरतील, अध्ययनास नव्हे.

माध्यमाचा प्रश्न :
मराठी क्रमिक पुस्तके अर्थ, गृहीतके, स्पष्टीकरण व टीका या चौकटीत लिहिली जातात. विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेला ती अनुरूप असली, तरी तीत विकलनाला फारसे स्थान नसते. त्यामुळे मराठीतून संकल्पना समजलेल्या विद्यार्थ्यासमोर इंग्रजी ग्रंथ दुहेरी अडचण उभी करतो : भाषा नवी आणि पद्धतीही नवी. येथे एक दिलासा आहे. गणिताचे चिन्ह दोन्ही भाषांत एकच असते. म्हणून अशा विद्यार्थ्याने आरंभ गणिताच्या ग्रंथापासून करणे श्रेयस्कर ठरते. सूक्ष्म अर्थशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ त्यानंतर वाचल्यास भाषेचा भार हलका होतो.

निष्कर्ष :
ग्रंथाची कीर्ती हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. प्रथम मागील प्रश्नपत्रिका पाहाव्यात, नंतर प्रत्येक घटकासाठी एकच ग्रंथ ठरवावा आणि त्यातील स्वाध्याय सोडवावेत. बारा-पंधरा पुस्तकांची यादी देणे सोपे आहे. ज्याच्या घरी पदवीपर्यंत पोहोचलेले दुसरे कोणी नाही, त्या विद्यार्थ्याला मात्र अशी यादी दाराबाहेरच थांबविते. महाविद्यालयीन ग्रंथालयाने दहा प्रश्नसंचांऐवजी गणिताच्या एका चांगल्या ग्रंथाच्या अधिक प्रती घ्याव्यात आणि प्राध्यापकांनी आठवड्यातील एक तास त्यातील उदाहरणांना द्यावा. यादीची खरी परीक्षा तेथेच होईल.