जबानी, कागद आणि ‘मार्व्हल’

राज्य सरकारने २०२४ साली नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवणे हे तिचे काम. नागपूर पोलीस, तिथले आयआयएम आणि पिनाका टेक्नॉलॉजीज ही खासगी कंपनी यांची त्यात भागीदारी. पुढे डिसेंबर २०२५मध्ये तपासाला मदत करणारी ‘महाक्राइमओएस’ प्रणाली नागपुरातल्या २३ ठाण्यांवरून राज्यातल्या ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातही ती येणार. यंत्राला जात नसते, नातेगोते नसते, असे तिचे समर्थक सांगतात. हा दावा तपासायला संगणकशास्त्र लागत नाही. ठाण्यातला कागद वाचता आला की पुरे.

फिर्याद हा माझ्या लेखी एक वाङ्मयप्रकारच आहे. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ हा तिचा मंगलाचरणाचा श्लोक. लाखांदूरकडची बाई झाडीबोलीत बोलते आणि कागदावर सरकारी मराठीत उमटते. धमकी कोणत्या सुरात दिली, हाक कोणत्या शब्दाने मारली, हे वाटेतच गळते. (जुने पंचनामे वाचायची खोड असलेल्यांना हे नवे नाही.) काय लिहायचे, काय सोडायचे, कलम कोणते लावायचे, हे लिहून घेणारा ठरवतो. यंत्राचे वाचन सुरू होते ते त्यानंतर.

आता याच जिल्ह्यातले एक प्रकरण पाहू. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी टिकला नाही. नोंदीत कारण राहिले ते सूडाचे. उद्या हेच दप्तर यंत्रापुढे शिकायला ठेवले तर खैरलांजीत ते सूड वाचेल आणि तशाच पुढच्या तक्रारीला तशीच कलमे सुचवेल. त्याला जात नाही हे खरे. त्याला ती दिसणारही नाही, हे कोणी सांगत नाही.

उलट जिथे नोंदी उदंड, तिथे त्याची नजर तीक्ष्ण होणार. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मानेच शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, पण कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर जायची सवय सुटली नाही. त्या सवयीतून भरलेली रजिस्टरे यंत्राच्या लेखी निव्वळ ‘डेटा’ आहेत.

खैरलांजीनंतर काही पोलीस निलंबित झाले; बोट दाखवायला माणूस होता. प्रणालीच्या सल्ल्यावर कोण निलंबित होणार? २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही गुन्ह्याच्या तपासासाठी मोठ्या सवलती ठेवल्या आहेत. तेव्हा भंडाऱ्यात ही प्रणाली येण्याआधी निदान दोन गोष्टी मागायला हव्यात. यंत्राने काय सुचवले आणि अधिकाऱ्याने त्यातले काय घेतले, हे केस डायरीत लिहिले जावे. आणि फिर्यादीची जबानी तिच्याच बोलीत, तिच्याच आवाजात, कागदासोबत जपली जावी.