कै. दीक्षितांचें ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’

स्वतंत्र संशोधनाचा ग्रंथ मराठींत लिहिला तर तो वाचणार कोण, ही शंका आपल्याकडे जुनी आहे. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं ती मनांत आणिली असती, तर १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास आपण मुकलों असतों. १८५३ सालीं दापोली तालुक्यांतील मुरूड येथें जन्मलेल्या या शिक्षकास पुरीं पंचेचाळीस वर्षेंही आयुष्य लाभलें नाहीं. १८९८ सालीं ते निवर्तले. फ्लीट यांस गुप्तकालीन लेखांच्या तिथि पडताळून देणारे व स्युएल यांच्यासह कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ रचणारे दीक्षित मुख्य कृतीसाठीं मायबोलीकडे वळले, हें आम्हांस विशेष वाटतें.

त्यांचें सर्वांत गाजलेलें प्रमेय कृत्तिकांचें. त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असें शतपथब्राह्मणांत म्हटलें आहे. नेमका पूर्वेस उगवणारा तारा विषुववृत्तावर असावयास पाहिजे. आज कृत्तिका त्याच्या उत्तरेस सुमारें २४ अंश आहेत. अयनचलनाच्या गणितानें दीक्षितांनीं ती स्थिति इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांची ठरविली, आणि क्रियापद वर्तमानकाळीं असल्यामुळें वचनही त्याच काळचें मानिलें. गणिताविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु गणितानें वेधाचा काळ ठरतो, ग्रंथाचा नव्हे. परंपरागत वचन मागाहून रचिलेल्या ग्रंथांत जसेंच्या तसें येऊं शकतें. शिवाय ‘ठीक पूर्वेस’ कीं ‘पूर्वेकडे’, हा अर्थाचा प्रश्न उरतोच. येथें निर्णय पुराव्याच्या एक पाऊल पुढें गेला, असें आमचें मत आहे. मात्र आधार व आकडे उघड मांडिल्यामुळेंच वाचकास त्यांच्याशीं असा वाद घालतां येतो, हा त्या लेखनाचा मोठा गुण होय.

पंचांगवादांत ते सायनपक्षाचे. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतों जानेवारीच्या मध्यास. सुमारें ७१ वर्षांस एक दिवस या मानानें हें अंतर वाढतच जाणार. १९५७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनें वर्षारंभ वसंतसंपातालगत धरिला, पण घरोघरचे सण पूर्वीच्याच गणनेनें होतात. रूढि बदलावी कीं नाहीं याविषयीं मतभेद असोत. ती कोणत्या गणितावर उभी आहे, हें तरी सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असावें. तें सांगावयास दीक्षितांइतका निःस्पृह मार्गदर्शक मराठींत दुसरा आम्हांस दिसत नाहीं.