चार तिकिटांचे कुटुंब : खर्चिक कौटुंबिक चित्रपट आणि तिकीटखिडकी

हिंदी चित्रपटसृष्टीतील कौटुंबिक चित्रपटांची समीक्षा बहुतेक वेळा पडद्यावरील कुटुंबाभोवती फिरते. एकत्र राहणारी तीन पिढ्यांची माणसे, घरातील कर्ता पुरुष, सोशीक सून, लग्नाचा थाट आणि अखेरचा मिलाफ यांतून कोणती मूल्ये मांडली गेली आणि कोणती झाकली गेली, याचा हिशेब ती मांडते. वितरक आणि थिएटरमालक यांच्या लेखी मात्र कुटुंब म्हणजे खिडकीवर एका वेळी चार, सहा किंवा दहा तिकिटे मागणारा गट असतो, आणि त्या गटातील सर्वांत म्हातारे व सर्वांत लहान माणूस या दोघांनाही चालेल असे काही मिळाल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही, हे त्यांना धंद्यातून कळलेले असते. गेल्या तीस वर्षांत मोठ्या खर्चाने काढलेल्या कौटुंबिक चित्रपटांचे यशापयश पाहू गेल्यास पडद्यावरच्या कुटुंबापेक्षा खिडकीवरचे हे कुटुंबच अधिक खुलासा करते. प्रेक्षकांची अभिरुची बदलली, संस्कारांची ओढ संपली किंवा परत आली, अशी जी विधाने दर काही वर्षांनी केली जातात, त्यांतील बरीचशी तिकिटांचे दर, थिएटरांची अवस्था आणि प्रदर्शनाची पद्धत यांच्याकडे पाठ फिरवून केलेली असतात.

या चर्चेत आकडे सर्रास वापरले जातात, पण ते कशाचे आहेत हे क्वचितच सांगितले जाते. तिकीटविक्रीतून जमा झालेली एकूण रक्कम म्हणजे ढोबळ गल्ला, त्यातून कर वजा जाता उरते ती निव्वळ कमाई, आणि त्यातून थिएटरमालकाचा वाटा काढल्यावर वितरकाच्या हाती पडतो तो हिस्सा. या तिन्ही रकमा रुपयांत मोजल्या जात असल्यामुळे त्यांवरून किती माणसांनी चित्रपट पाहिला हे कळत नाही. ‘हम आपके है कौन’ हा भारतात शंभर कोटींचा ढोबळ गल्ला गाठणारा पहिला हिंदी चित्रपट मानला जातो, तर २०१६ च्या ‘दंगल’ची देशातील निव्वळ कमाई साडेतीनशे कोटींच्या पलीकडे गेली, तरीही विकलेल्या तिकिटांचे व्यापारी वर्तुळातील अंदाज पाहिले तर ‘दंगल’चा प्रेक्षक पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. कमाई वाढत असताना माणसे कमी होत गेली, ही या प्रकाराच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि विक्रमांच्या बातम्यांत नेमकी तीच दिसत नाही.

‘हम आपके है कौन’ ५ ऑगस्ट १९९४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा कुटुंब नावाचा हा गट थिएटरांतून जवळपास नाहीसा झाला होता. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ घरोघरी पोचला, चोरट्या कॅसेट गल्लीतल्या दुकानांत मिळू लागल्या, आणि नव्वदीच्या सुरुवातीला केबल व उपग्रह वाहिन्यांनी घरातल्या संध्याकाळचा उरलासुरला वेळ व्यापला. मारधाडीच्या चित्रपटांवर जगणाऱ्या आणि डागडुजी न झालेल्या थिएटरांत बायकामुलांना घेऊन जाणे मध्यमवर्गाला नकोसे वाटत होते. अशा वेळी राजश्री प्रॉडक्शन्सने आपल्याच १९८२ मधील ‘नदिया के पार’ या ग्रामीण, कमी खर्चाच्या चित्रपटाची कथा घेऊन ती श्रीमंत बंगल्यात, चौदा गाण्यांत आणि तीन तासांहून अधिक लांबीत मांडली. खलनायक नसलेला, लग्न, डोहाळे आणि बारसे यांच्या विधींतून पुढे सरकणारा हा चित्रपट पाहून चित्रपटसृष्टीतील अनेक जाणत्यांनी त्याला लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हणून हिणवले होते. हे वर्णन कुत्सित असले तरी चुकीचे नव्हते; लग्नाची कॅसेट घरात सर्वांनी एकत्र बसून पाहण्याची सवय तोवर मध्यमवर्गाला लागली होती, आणि दिग्दर्शक सूरज बडजात्या यांनी तीच सवय मोठ्या पडद्यावर नेली.

तरीही या यशाचे श्रेय केवळ दिग्दर्शकाला देता येत नाही. ताराचंद बडजात्या यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेली राजश्री ही प्रामुख्याने वितरणातून वाढलेली संस्था होती, आणि वितरणाची यंत्रणा स्वतःची असल्यामुळेच तिला एक धीराचा डाव खेळता आला. चित्रपट एकाच दिवशी सगळीकडे न लावता निवडक थिएटरांत लावण्यात आला. मुंबईत १९४९ मध्ये सुरू झालेल्या लिबर्टीसारख्या देखण्या चित्रपटगृहाची निवड झाली. तिकिटांचे दर चढे ठेवण्यात आले. आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात आणण्याचे टाळून, चित्रपट पाहायचा तर थिएटरातच गेले पाहिजे अशी व्यवस्था करण्यात आली. तिकीट मिळत नाही, म्हणजे चित्रपट पाहण्याजोगा असला पाहिजे, असा समज त्यातून पसरला. लिबर्टीत हा चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे आणि सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास, ही जुनी मोजमापे या चित्रपटाने पुन्हा चलनात आणली. कुटुंबाला ठरवायला वेळ लागतो, आधी शेजारीण पाहून येते, मग सासूबाईंना विचारले जाते, परीक्षा संपण्याची वाट पाहिली जाते. इतक्या दिवसांनीही चित्रपट थिएटरात टिकून असणे ही या प्रेक्षकवर्गाची पहिली अट असते, आणि राजश्रीने ती पूर्ण केली.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांनी दिल्लीतील प्रेक्षकांशी बोलून या चित्रपटाच्या स्वागताचा जो अभ्यास केला, त्यात लोक या चित्रपटाचे वर्णन पुन्हा पुन्हा स्वच्छ असे करत होते, ही नोंद महत्त्वाची ठरते. ‘दीदी तेरा देवर दीवाना’सारख्या गाण्यातील सूचकता पाहता हा स्वच्छपणा पूर्णपणे पडद्यावरचा होता असे म्हणता येत नाही. तीन पिढ्यांनी एकमेकांची नजर न चुकवता शेजारी बसता येणे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता, आणि तो जितका चित्रपटाचा तितकाच थिएटराचा गुण होता. मराठी प्रेक्षकाला तर या परकीय वैभवात ओळखीचे चेहरेही बरेच भेटले. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे आणि संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, यांच्यामुळे उत्तर भारतीय व्यापारी घराण्याचे हे चित्र महाराष्ट्रात फारसे उपरे वाटले नाही.

त्यानंतरच्या खर्चिक कौटुंबिक चित्रपटांनी त्याचे बंगले घेतले, गाणी घेतली, धीर मात्र घेतला नाही. १४ डिसेंबर २००१ रोजी आलेला करण जोहरचा ‘कभी खुशी कभी गम’ हा या वाटेवरचा ठळक टप्पा होय. त्यातील कुटुंब लंडनला जाते याला कथेपेक्षा व्यापारी कारण सबळ होते, कारण पौंडांत विकलेले एक तिकीट रुपयांतील अनेक तिकिटांच्या बरोबरीचे असल्यामुळे परदेशस्थ भारतीय कुटुंब हे निर्मात्याच्या दृष्टीने मोलाचे गिऱ्हाईक झाले होते. परदेशात हा चित्रपट विलक्षण चालला, पण देशातील प्रेक्षकसंख्येत त्याच वर्षीच्या ‘गदर’ने त्याला मागे टाकले. दोन्ही चित्रपट कुटुंबाने पाहिले. मात्र ‘गदर’चे कुटुंब लहान शहरांतील एकपडदा थिएटरांत बाकांवर दाटीने बसले होते, आणि समीक्षकांच्या लेखनात त्याची दखल कौटुंबिक प्रेक्षक म्हणून फारशी घेतली गेली नाही.

दरम्यान १९९७ मध्ये दिल्लीत साकेत येथे देशातील पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी करमणूक करात सवलती देऊन ही पद्धत वाढवली. स्वच्छ स्वच्छतागृहे, सुरक्षित वाहनतळ आणि लहान मुलांसाठी खाऊ यांमुळे मल्टिप्लेक्स हे कुटुंबाचे ठिकाण झाले खरे, पण त्याच वेळी तेथील दरांनी कुटुंबाचा आकार ठरवायला सुरुवात केली. चौघांचे रविवारचे तिकीट, त्यावर पॉपकॉर्न आणि पेये असा खर्च मोठ्या शहरांत हजार-दीड हजारांपर्यंत सहज जाऊ लागल्यावर आजी-आजोबा, काका-काकू आणि चुलत भावंडे या गणितातून आपोआप गळाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी मल्टिप्लेक्स चालकांच्या संघटनेने देशभर एका दिवसासाठी ७५ रुपयांत तिकीट देऊ केले, तेव्हा एका दिवसात सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले असे संघटनेनेच जाहीर केले. त्या दिवशी कोणताही ऐतिहासिक कौटुंबिक चित्रपट लागलेला नव्हता. थिएटरापासून लोक का दुरावले याचे दुसरे उत्तर शोधण्यापूर्वी या एका दिवसाचा विचार व्हायला हवा होता. पण नंतर दर पूर्ववत झाले आणि चर्चा पुन्हा आशयाकडे वळली.

२०१५ च्या दिवाळीतील ‘प्रेम रतन धन पायो’ हा या संदर्भात बोलका नमुना आहे. ‘हम आपके है कौन’चेच दिग्दर्शक, नायक तोच सलमान खान, पात्राचे प्रेम हे नावही तेच. शिवाय नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेला शीशमहाल आणि राजघराण्याचा डोळे दिपवणारा थाट. हा चित्रपट हजारो पडद्यांवर एकाच दिवशी झळकला, पहिल्या दिवशी चाळीस कोटींच्या घरात गेला, सुट्टीचे दिवस संपताच उतरला आणि तरीही दोनशे कोटींच्या पुढे पोचला. व्यापारी भाषेत तो यशस्वीच होता. परंतु हम आपके है कौनच्या वेळी ज्या प्रेक्षकाने शेजाऱ्यांच्या शिफारशीवरून आठव्या किंवा अठराव्या आठवड्यात थिएटर गाठले, त्याच्यासाठी या चित्रपटाने जागाच ठेवली नव्हती. कथानकाच्या जुनाटपणाचा जो दोष दिला गेला तो खरा असला, तरी तोच जुनाटपणा संथ प्रदर्शनात कसा ठरला असता हे तपासण्याची संधी मिळाली नाही. बडजात्या यांना मात्र हा धडा कळला असावा, कारण २०२२ चा ‘ऊंचाई’ त्यांनी जाणीवपूर्वक मर्यादित पडद्यांवर आणला.

या काळात कुटुंबाला थिएटरात खेचण्याचे काम काही परदेशी चित्रपटांनी अधिक हुशारीने केले. डिस्नेचा ‘द जंगल बुक’ ८ एप्रिल २०१६ रोजी भारतात अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला. त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता, आणि नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या मोगलीच्या मालिकेतील शेरखानही त्यांचाच होता. त्या मालिकेचे शीर्षकगीतही जाहिरातीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. मुलांसाठीच्या चित्रपटाचे तिकीट मुले काढत नाहीत, बाप काढतो, आणि त्या बापाच्या बालपणावर मोहिमेचा सगळा नेम होता. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आलेल्या या चित्रपटाने भारतात दीडशे कोटींहून अधिक कमावले.

मराठीत मोठ्या खर्चाचा कौटुंबिक चित्रपट हा प्रकार मुळातच विरळा; येथील दाखले उपयोगी पडतात ते खर्चावाचून काय होते हे पाहण्यासाठी. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने आणि २०२३ च्या केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ने जो प्रेक्षक आणला तो काटेकोरपणे कुटुंब नव्हताच, तो बायकांचा गट होता. ‘बाईपण’च्या वेळी मैत्रिणी, बहिणी, भिशीतल्या आणि सोसायटीतल्या बायका एकत्र तिकिटे काढून आल्या, आणि सहा बहिणींची ही साधी कथा मराठीतील सर्वाधिक कमाईच्या मोजक्या चित्रपटांत जाऊन बसली. नवऱ्याच्या सुट्टीवर, मुलांच्या परीक्षेवर आणि सासऱ्यांच्या आवडीवर अवलंबून नसल्यामुळे हा गट आठवड्याच्या मधल्या दिवशीही येऊ शकत होता, ही बाब कोणत्याही भव्य सेटपेक्षा मोलाची ठरली.

२५ जुलै २०२५ रोजी आलेल्या ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाने पहिल्या दिवशी दोन कोटीही कमावले नव्हते. पुढे आठवड्यामागून आठवडे त्याचा गल्ला टिकला आणि तो दोनशे कोटींच्या पलीकडे गेला. प्रल्हादाची कथा आजीला माहीत, ॲनिमेशन नातवाला हवे, आणि त्या दोघांना ठरवायला लागणारा वेळ चित्रपटाला मिळाला. त्याच्या महिनाभर आधी, २० जूनला, आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ प्रदर्शित करताना ओटीटी कंपन्यांना हक्क विकण्याचे नाकारले होते. आठ आठवड्यांत चित्रपट घरच्या पडद्यावर फुकटात मिळणार हे ठाऊक असलेले कुटुंब थिएटरात येत नाही, हा त्यामागचा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो राजश्रीने १९९४ मध्ये कॅसेट रोखून धरली त्या धोरणाशी नाते सांगणारा होता. चित्रपट चांगला चालला. मात्र १ ऑगस्टपासून तोच चित्रपट यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने उपलब्ध झाला, आणि हे भाडे माणशी नसून घराला एकदाच आकारले जात असल्यामुळे पलंगावर चौघे बसोत की चौदा, हिशेबात ते एकच तिकीट धरले जाते.