पवित्र ग्रंथातील स्त्रिया आणि कादंबरीकार

याकोबाची कन्या दीना त्या देशातील मुलींना पाहावयास घराबाहेर पडली, एवढी एकच कृती 'उत्पत्ती'च्या ३४व्या अध्यायाने तिच्या नावावर मांडून ठेवली आहे. पुढे शखेमाने तिला भ्रष्ट केले, त्याचा बाप हमोर मागणी घालावयास आला, तिच्या भावांनी सुंतेची अट घालून नगरातील पुरुषांना दुबळे केले आणि तिसऱ्या दिवशी शिमोन व लेवी यांनी त्यांची सरसकट कत्तल केली. ह्या साऱ्या व्यवहारात वर, वरपिता, बाप आणि भाऊ असे सर्वजण बोलतात, परंतु जिच्यापायी हे घडले तिच्या तोंडी एक अक्षरही नाही. उत्तरकालीन रब्बींनी तर ती मुळात बाहेर पडलीच का, असा उलटा ठपका तिच्यावरच ठेवला. ज्या ग्रंथाचे एकेक वचन शतकानुशतके घोकले गेले त्यातील अशी रिकामी जागा कथाकारांना खुणावीत राहावी, यात नवल नाही. आणि बायबलमधील स्त्रियांवरील कादंबऱ्यांचा जो सुकाळ गेल्या तीस-चाळीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत झाला आहे त्याचे मोल ठरवावयाचे, तर ह्या रिकाम्या जागेचा विनियोग कोणी कसा केला हेच तपासावे लागते.

हा उद्योग आधुनिक स्त्रीवादाने आरंभिला, असे मानणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहिलेले बरे. योसेफाला मिसरात आसनथ नावाची पुरोहितकन्या पत्नी म्हणून मिळाली, ह्या एका ओळीच्या उल्लेखावरून ग्रीक भाषेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक संपूर्ण प्रेमाख्यान रचले गेले असून त्यात ही मानिनी बुरुजात राखेवर बसून प्रायश्चित्त घेते. योसेफाचा मिसरातील धनी पोटीफर याच्या ज्या पत्नीने योसेफाला मोहात पाडू पाहिले, पण जिला बायबलने नावही दिले नाही, ती इस्लामी परंपरेत जुलेखा झाली, इ.स. १४८३ मध्ये जामीच्या फारसी काव्यात तिच्या वासनेचे ईश्वरभक्तीत रूपांतर झाले, आणि तेथून ती दख्खनच्या दरबारांतही उतरली. विजापूरच्या हाशमी ह्या अंध कवीने दक्खिनी भाषेत तिचे आख्यान गायिले आहे. हे जुने कथाकार आपल्या नायिकेला धर्माच्या बाहेर काढीत नाहीत, धर्माच्या आतच तिला मोठी करतात. आजच्या लेखकांचा कल नेमका उलट आहे.

ह्या दोन प्रवृत्तींच्या मध्यावर टोमास मान उभा आहे. १९३३ ते १९४३ ह्या काळात, मायदेशास पारखा झालेला असता, त्याने 'योसेफ आणि त्याचे बंधू' ही चार खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक पुरुष असला तरी तिसऱ्या खंडाचे खरे वैभव पोटीफराच्या पत्नीत आहे. मानच्या कथेत तिचा पती बालपणीच आईबापांनी देवाप्रीत्यर्थ खच्ची केलेला उमराव आहे, आणि ती स्वतः मंदिरातील मानमरातबात जखडलेली, नावापुरती विवाहित अशी स्त्री आहे. अशा स्त्रीचा विवेक तीन वर्षांत कसकसा ढासळत जातो, हे मानने एखाद्या न्यायाधीशाच्या धीमेपणाने व वैद्याच्या करुणेने नोंदविले आहे. योसेफापुढे अभिलाषेचे शरमेचे शब्द उच्चारण्याची वेळ येते तेव्हा ही मानी स्त्री स्वतःची जीभ चावून घेते, म्हणजे निदान बोबड्या वाणीने ते उमटावेत. ग्रंथाने जिला कुलटा म्हणून निकालात काढले तिची कैफियत येथे प्रथमच पूर्ण ऐकून घेतली जाते, आणि तरीही तिला निर्दोष ठरविण्याचा मोह लेखकाला होत नाही. ही कादंबरी कंटाळवाणी आहे, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे पुष्कळ पानांपुरते खरेही आहे.

अमेरिकन लेखिका अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट' ही कादंबरी १९९७ साली निघाली. आरंभी तिची फारशी वाच्यता झाली नाही. पुढे स्त्री-रब्बींच्या शिफारशी आणि बायकांची वाचनमंडळे यांच्या बळावर ती घरोघर पोहोचली. येथे दीना स्वतः बोलते. लेआ, राहेल, जिल्पा व बिल्हा ह्या चौघी तिच्या माता. ती सुईणीचे काम शिकते, शखेमाशी तिचा संबंध बलात्काराचा नसून प्रेमाचा ठरतो, आणि त्याच्या हत्येनंतर ती बापाला शाप देऊन मिसरात निघून जाते. बाळंतपणाचे, औषधी मुळ्यांचे, कातण्या-विणण्याचे तपशील ज्या आस्थेने आले आहेत ती आस्था अस्सल आहे आणि तेवढा भाग मला निःसंशय आवडतो. परंतु पुस्तकाचे केंद्र असलेला तो लाल तंबू, ज्यात अमावास्येच्या सुमारास, पाळीच्या दिवसांत, साऱ्या स्त्रिया एकत्र बसून तीन दिवस गोडधोड खातात, गोष्टी सांगतात आणि पुरुषांच्या जगापासून सुटतात, तो लेखिकेच्या कल्पनेचा आहे. इस्राएली कुलांत असा तंबू असल्याचा पुरावा नाही. कल्पनेला हरकत नाही. हरकत आहे ती त्या कल्पनेच्या सोयीस्करपणाला. बाजूला बसणे म्हणजे काय, हे ज्या मराठी वाचक-स्त्रीने घरच्या माजघराबाहेर किंवा आजीच्या आठवणींत पाहिले आहे, गडचिरोलीच्या माडिया वस्तीतील, पाळीच्या बायकांना वेगळे बसविणाऱ्या कुर्माघराची पडकी झोपडी जिला ठाऊक आहे, तिला त्या तंबूतील उत्सव पाहून क्षणभर अवाक् व्हावे लागेल. त्या वेगळेपणात विसावा व मैत्रीही असते, हे ती नाकारणार नाही. पण विटाळाची भीती, अंगात मुरलेली लाज, आणि ती लाज लेकीसुनेवर स्वहस्ते लादणारी सासू, ह्यांना वगळून उरलेला विसावा हा अर्धाच इतिहास होय. डायमंटच्या स्त्रियांना विटाळ ठाऊकच नाही. त्या तंबूत बसतात खऱ्या, परंतु त्यांचे मन विसाव्या शतकाच्या अखेरच्या बॉस्टनमधले आहे.

आजच्या ह्या प्रकाराचे मुख्य वैगुण्य मला येथे दिसते. मूक स्त्रीला वाचा देणे सोपे आहे. तिच्या काळाची श्रद्धा, भीती आणि कर्तव्यबुद्धी तिच्या ठायी खरी मानणे कठीण आहे. नॉर्वेच्या सिग्रिड उन्सेत यांनी १९२० ते १९२२ मध्ये 'क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर' लिहिताना हे कठीण कामच हाती घेतले. गरोदरपण लपवून जिने कौमार्याचा वधूमुकुट डोक्यावर धारण केला, ती क्रिस्टिन पुढे तान्हे मूल घेऊन अनवाणी निदारोसच्या तीर्थाला जाते व तो मुकुट तेथे अर्पण करते. ह्या पश्चात्तापाची लेखिका कीव करीत नाही वा त्याला पुरुषी जुलूम म्हणून झटकूनही टाकीत नाही, आणि म्हणूनच क्रिस्टिनची बंडखोरीही खरी वाटते. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) कादंबरी लिहिली नाही, निबंध लिहिले. तथापि गांधारी, कुंती व द्रौपदी यांना त्यांनी नातेसंबंध, कुळाचार आणि वारसाहक्क यांच्या जाळ्यात ठेवूनच न्याहाळले, आणि ह्या शिस्तीचा शतांशही पुष्कळ बायबली कादंबऱ्यांत आढळत नाही.

ही शिस्त पाळणारी थोडी पुस्तके आहेतच. स्वीडनचे टॉर्नी लिंडग्रेन यांच्या 'बथशेबा' (१९८४) ह्या कादंबरीत स्नान करताना राजाच्या दृष्टीस पडलेली ती स्त्री हळूहळू सत्तेचे व्याकरण शिकते. 'दुसरे शमुवेल'मध्ये गरोदर असल्याचा तेवढा निरोप धाडणारी बथशेबा 'पहिले राजे'च्या आरंभी आपल्या पुत्रासाठी सिंहासन मागते, ह्या दोन टोकांमधील वर्षे लिंडग्रेनने भरली आहेत, आणि ती भरताना तिला साध्वी केलेले नाही. कॉल्म टोबीन यांची 'द टेस्टमेंट ऑफ मेरी' (२०१२) ही तर छोटेखानी जबानीच आहे. एफेससात वृद्ध मरीयेवर देखरेख ठेवणारे दोघे शिष्य तिच्याकडून सोयीची साक्ष घेऊ पाहतात. आपण वधस्तंभाजवळून अखेरच्या क्षणापूर्वीच जीव घेऊन पळालो, हे ती त्यांना सुनावते. मरीयेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकणाऱ्यास हे पुस्तक दुखवील, तसे ते पुष्कळांना दुखवून गेलेही. परंतु तिची भीती त्या रोमन राजवटीतील आईची भीती आहे, हे कोणास नाकारता येणार नाही.

बाकीच्यांविषयी फार लिहावयास नको. मारेक हाल्टेर, ऑर्सन स्कॉट कार्ड, फ्रान्सीन रिव्हर्स अशांनी सारा, रिबेका, राहेल, तामार यांच्या मालिका लिहिल्या; कोणी कथेच्या चटकेसाठी, कोणी श्रद्धेच्या पोषणासाठी. त्या वाचनीय आहेत. ह्या मालिकांत सारा हटकून सुंदर व शहाणी निघते, आणि आपली गर्भार दासी हागार हिला तिने जाचून वाळवंटात पळावयास लावले तो प्रसंग येताच लेखकाची लेखणी एकदम मवाळ होते. जुन्या करारात अथल्या नावाची एक राणी आहे. पुत्र मारला गेल्याचे कळताच तिने राजकुळातील वारस ठार करविले आणि सहा वर्षे यहूदावर एकटीने राज्य केले. तिच्यावर रासीनने १६९१ साली शोकान्तिका लिहिली. तिला निर्दोष ठरविण्याची सोय नसल्यामुळेच की काय, स्त्रियांना न्याय देण्यास निघालेल्या ह्या कादंबरीकारांची पावले तिच्या दाराकडे क्वचितच वळतात.